न बोलणाऱ्या फौजीसाठी ईएमडीआर : पहिल्या फोनपासून शेवटच्या सत्रापर्यंत

युद्धातून किंवा अतिरेकीविरोधी मोहिमेतून परतलेल्या माणसाला घरचे एकच सल्ला देत राहतात : "मनात ठेवू नका, बोलून मोकळे व्हा." सल्ल्यामागे माया असते. पण ज्याला ती गोष्ट तोंडावर आणणंच शक्य नाही, तो या सल्ल्यामुळे आणखी गप्प होतो. डॉक्टरकडे गेलो तर तिथेही सगळं सांगावं लागेल, या धास्तीने उपचार टाळतो. म्हणून आधीच सांगते, ईएमडीआर, म्हणजे डोळे ठरावीक पद्धतीने फिरवत त्रासदायक आठवणीची धार कमी करण्याचा मानसोपचार, यात सगळं सविस्तर सांगावं लागत नाही. कुठली चौकी, कुठली तुकडी, कोण सोबत होतं, नेमकं काय घडलं, यातलं बरंचसं त्या माणसाच्या मनातच राहू शकतं आणि तरीही उपचार पुढे सरकतो. हे एकदा कळलं की बरेच फौजी निदान पहिल्या भेटीला तयार होतात. पुढचं सगळं त्या पहिल्या भेटीसाठी आणि त्यानंतरच्या वाटेसाठी.

हा उपचार आला कुठून

अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची अवस्था वर्षानुवर्षं कुणी धड समजून घेतली नव्हती. त्यांच्या आणि त्यांच्यासाठी झगडणाऱ्या डॉक्टरांच्या रेट्यामुळे १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार, तिथल्या अधिकृत निदानांच्या यादीत आला. त्याच दशकात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं की युद्ध संपून दहा-बारा वर्षं उलटल्यावरही युद्धभूमीवर गेलेल्या पुरुष सैनिकांपैकी सुमारे १५ टक्के या विकाराने त्रस्त होते. आयुष्यात कधी ना कधी त्याने ग्रासलेले जवळपास ३१ टक्के होते.

फ्रान्सिन शापिरो ही मानसशास्त्राची अभ्यासक तेव्हा कॅलिफोर्नियात होती. १९८७ मध्ये एका बागेत चालताना तिच्या लक्षात आलं की डोळे झरझर इकडून तिकडे फिरत असताना मनातल्या त्रासदायक विचाराची धार कमी होते. तिने हे इतरांवर करून पाहिलं आणि १९८९ मध्ये पहिला अभ्यास छापला. त्यात २२ जण होते, काही व्हिएतनामचे सैनिक, काही लैंगिक अत्याचार सोसलेले. पुढे या पद्धतीत बरीच भर पडत गेली आणि आजचा आठ टप्प्यांचा ईएमडीआर तयार झाला. शापिरो २०१९ मध्ये वारली.

उपयोग होतो का?

होतो, पण पूर्ण चित्र बघून घ्या. १९९८ मध्ये होनोलुलूत व्हिएतनामच्या सैनिकांवर अभ्यास झाला. बारा सत्रं घेतलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून थोड्या जास्त जणांमध्ये नंतर पीटीएसडीचं निदान लागू होत नव्हतं. मात्र त्या गटात मोजकेच लोक होते, हे विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ईएमडीआरची शिफारस केली. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत औषधांच्या आधी सुचवलेल्या तीन उपचारांमध्ये ईएमडीआर आहे. उरलेले दोन म्हणजे प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना आणि प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं) आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (आघाताबद्दलचे मनात रुतलेले विचार तपासून बदलणं). याउलट उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये प्रौढांसाठी ईएमडीआर सुचवताना ती शिफारस युद्धाव्यतिरिक्तच्या आघातांपुरती ठेवली, कारण युद्धातल्या आघातांवर त्याचा उपयोग झाल्याचं त्यांना पुराव्यात दिसलं नाही.

वाद आणखी एका मुद्द्यावर आहे : डोळे फिरवण्याने खरंच काही होतं, की बाकीचा उपचारच काम करतो? २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना डोळ्यांच्या हालचालींचा वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ च्या तशाच तपासणीत तो दिसला. आज बऱ्याच संशोधकांना पटणारं स्पष्टीकरण असं : आठवण मनात धरून ठेवायची आणि त्याच वेळी हलत्या बोटांचा पाठलाग करायचा, या दोन्हींना एकाच वेळी पुरेल इतकी जागा आपल्या चालू स्मृतीत नसते. त्यामुळे आठवणीचे रंग फिके पडतात, तिची कळ कमी होते, आणि ती त्या बोथट रूपातच पुन्हा साठवली जाते. मला विचाराल तर कुटुंबाने या वादात अडकून पडू नये. पण "डोळे फिरवले की पीटीएसडी गायब" असं कुणी सांगत असेल, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

पहिली पायरी : निदान

रात्री दचकून उठणं, दारं-खिडक्या पुन्हापुन्हा तपासणं, गर्दीत पाठ भिंतीला लावूनच बसणं, फटाक्याच्या आवाजाला जमिनीवर झोकून देणं, मुलांच्या आनंदातही आतून कोरडं वाटणं, जुन्या सोबत्यांचे फोन न उचलणं. अशा गोष्टी महिन्याहून जास्त टिकल्या आणि रोजचं जगणं बिघडलं, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. "फौजी स्वभाव आहे, तापटच असतात" म्हणून वर्षं घालवू नका.

निदान करून घेण्यामागे आणखी एक कारण आहे. स्फोटाच्या जवळ असलेल्या माणसाच्या मेंदूला इजा झालेली असू शकते, दारूचं व्यसन असू शकतं, नैराश्य असू शकतं. उपचाराचा क्रम त्यावरून ठरतो.

माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचं, म्हणजे त्यांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक हा सरळ मार्ग. तिथून पुढे सैनिकी रुग्णालयात किंवा यादीवरच्या खासगी रुग्णालयात पाठवतात. पुण्यात कमांड हॉस्पिटल आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, मुंबईत नौदलाचं अश्विनी. पॉलिक्लिनिक कुठे आहे, कागद कोणते लागतील, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. ईएमडीआर शिकलेली व्यक्ती तिथे आहे का, हे मात्र थेट विचारून घ्या, गृहीत धरू नका.

दुसरी पायरी : माणूस निवडणं

यात घाई करू नका. एवढी एक गोष्ट नीट केलीत तर पुढचे निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत. ईएमडीआर करणारी व्यक्ती आधी पात्र मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा प्रशिक्षित समुपदेशक असली पाहिजे आणि त्यावर तिने ईएमडीआरचं रीतसर प्रशिक्षण, ज्येष्ठांच्या देखरेखीखालच्या सरावासह, पूर्ण केलेलं असलं पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको.

फोनवरच चार गोष्टी विचारा. प्रशिक्षण कुठे आणि किती टप्प्यांचं झालं? याआधी सैनिक, पोलीस किंवा अग्निशमन दलातल्या कुणाबरोबर काम केलंय का? सत्र अर्धवट राहिलं तर माणसाला घरी कसं पाठवता? दोन सत्रांच्या मध्ये त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा? शेवटच्या दोन प्रश्नांना ठोस उत्तर मिळालं नाही, तर दुसरीकडे बघा. फी आणि सत्राची वेळ आधीच ठरवून घ्या. ईएमडीआरचं सत्र साधारण तास ते दीड तासाचं असतं.

गोपनीयतेची भीती फौजींना फार असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. मोहिमेचे तपशील सांगायचे नसतील तर तसं पहिल्याच भेटीत सांगावं. चांगला थेरपिस्ट आग्रह धरणार नाही.

तिसरी पायरी : तयारी

पहिल्या काही सत्रांत डोळे वगैरे काही फिरवत नाहीत. घरच्यांना वाटतं, नुसत्या गप्पा मारून पैसे घेतात. तसं नाही. थेरपिस्ट आयुष्याचा आलेख समजून घेत असतो : झोप, दारू, औषधं, फिट येते का, डोळ्यांचा काही आजार आहे का, जीव देण्याचे विचार येतात का, मध्येच भान हरपल्यासारखं होतं का. यातलं काहीही लपवू नका. जीव देण्याचा विचार डोक्यात घोळत असेल तर आधी ते सांभाळायचं, आठवणींना हात नंतर. चालू गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

याच टप्प्यात मन स्थिर करण्याचे सराव शिकवतात. एक सराव शांत जागेचा. पुस्तकात त्याला सुरक्षित जागा म्हणत असले तरी ज्या माणसाला महिनोन्‌महिने कुठेच सुरक्षित वाटलं नाही, त्याला तसं म्हणून चालत नाही. विहिरीवरचा पंप, आजोळचा ओटा, पहाटेचा रिकामा परेड ग्राउंड, जे त्याला शांत वाटतं ते. दुसरा सराव आठवण बंद करून ठेवण्याचा. मनातल्या मनात एक भक्कम पेटी घ्यायची, त्रासदायक चित्र तिच्यात ठेवायचं, कुलूप लावायचं आणि पुढच्या सत्रापर्यंत उघडायचं नाही. बऱ्याच जवानांना ही कल्पना चटकन जमते. पेटी तर ते प्रत्येक पोस्टिंगला घेऊन फिरलेले असतात.

थांबण्याची खूणही इथेच ठरते. हात वर केला की सगळं थांबतं, कारण विचारलं जात नाही. आणि खुर्ची कुठे ठेवायची हे फौजीने ठरवावं. दाराकडे पाठ करून बसवलं तर अर्धं लक्ष दारातच राहतं.

चौथी पायरी : कुठली आठवण?

युद्धावर गेलेल्याकडे एकच वाईट आठवण नसते. सगळ्या उकरून काढायच्या नसतात. सारख्या आठवणींचे गट करतात आणि प्रत्येक गटातून पहिली, सर्वांत वाईट आणि अलीकडची अशी निवड होते. एकीची धार गेली की तिच्या गटातल्या इतरांचीही बरेचदा कमी होते. सुरुवात सगळ्यात भयंकर प्रसंगापासून करायची की थोड्या सोप्यापासून, हे थेरपिस्टने रुग्णाबरोबर बसून ठरवायचं.

पाचवी पायरी : खुद्द सत्र

समजा, एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांच्या ताफ्यातली पुढची गाडी सुरुंगावर गेली, आणि तिच्यात त्यांचा जोडीदार होता. थेरपिस्ट विचारतो, या प्रसंगातलं सर्वांत वाईट चित्र कुठलं? जळत्या टायरचा धूर. ते चित्र बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? "माझ्यामुळे तो गेला." त्याऐवजी काय वाटावंसं वाटतं? "त्या वेळी जे हातात होतं ते मी केलं." हे वाक्य आत्ता किती खरं वाटतं, १ ते ७ मध्ये? दोन. त्रास किती, ० ते १० मध्ये? नऊ. शरीरात कुठे जाणवतो? छातीवर दाब, जबडा आवळलेला.

मग थेरपिस्ट शेजारून, थोडा तिरका बसून दोन बोटं डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरतो आणि डावीकडून उजवीकडे फिरवतो. डोकं स्थिर, फक्त डोळे बोटांमागे. असे वीस-पंचवीस फेरे, साधारण अर्धा मिनिट. काही ठिकाणी बोटांऐवजी दिव्यांची पट्टी असते. डोळे दुखले किंवा गरगरलं तर गुडघ्यांवर आळीपाळीने टिचक्या किंवा कानात आळीपाळीने आवाज, असंही करता येतं.

"थांबा. एक श्वास घ्या. आता काय येतंय?"

"धूर."

"बरं, त्याच्यासोबत राहा." पुन्हा बोटं.

"आता?"

"त्याच्या आईला भेटायला गेलो नाही अजून."

थेरपिस्ट इथे सल्ला देत नाही, समजूत घालत नाही, "तुमची काही चूक नव्हती" असंही म्हणत नाही. बोटं फिरवतो. पुढच्या फेऱ्यांत कदाचित रडू फुटतं, हात थरथरतात, घाम येतो. मग कधीतरी हवालदार म्हणतात, "गाड्यांचा क्रम वरून आला होता. मी ठरवलाच नव्हता." ही गोष्ट त्यांना आधीही ठाऊक होती, आता ती आत पोचली. आकडा नऊवरून सहावर, सहावरून तीनवर येतो. एसटीच्या खिडकीशी बसून बाहेरचा मुलूख मागे जाताना बघावा तसं आठवणीकडे बघा, असं सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं. गाडीतून उतरायचं नाही, फक्त बघायचं.

आकडा खाली आला की ते चांगलं वाक्य त्या चित्राशी जोडून पुन्हा फेरे होतात, पटण्याचा आकडा सहा-सातपर्यंत येईतो. शेवटी डोक्यापासून पायांपर्यंत शरीर तपासायचं. जबडा अजून आवळलेला असेल तर काम बाकी आहे. सोबती गमावल्याच्या आठवणीत त्रासाचा आकडा दरवेळी शून्यावर येत नाही, एक-दोनवर थांबतो. ते दुःख आहे, आजार नव्हे, आणि जाणता थेरपिस्ट ते पुसायचा हट्ट धरत नाही.

एका सत्रात एवढं सगळं होईलच असं नाही. अर्धवट राहिलं तर पेटी, शांत जागा, श्वास हे करून, माणूस पुरता भानावर आल्यावरच सत्र संपवतात.

सहावी पायरी : सत्रानंतरचे दोन-तीन दिवस

या दिवसांत मन आतल्या आत काम करत राहतं. विचित्र स्वप्नं पडतात, विसरलेलं काही आठवतं, चिडचिड किंवा रडू येतं. हे अपेक्षित आहे. हवालदारांनी वहीत दोन ओळी टिपून ठेवाव्यात : काय झालं, काय आठवलं, त्रास किती. पुढचं सत्र तिथूनच सुरू होतं.

घरच्यांनी काय करावं? "आज काय काय बोललात?" हे विचारू नका. शक्य असेल तर सत्राला कुणीतरी सोबत जा, येताना गाडी दुसऱ्याने चालवा. त्या संध्याकाळी पाहुणे, लग्न, भांडण काही ठेवू नका. दारू त्या दिवशी तर अजिबात नको. ताईंनी किंवा वहिनींनी स्वतःकडेही बघावं. वर्षानुवर्षं अशा माणसाला सांभाळणाऱ्या बाईची झोप आणि मनही थकलेलं असतं, तिने स्वतःसाठी समुपदेशक गाठण्यात गैर काही नाही.

आणि यूट्यूबवरचे फिरत्या ठिपक्याचे व्हिडिओ लावून घरी प्रयोग नको. आठवण उघडते, पण ती बंद करायला तिथे कुणी नसतं. ऑनलाइन ईएमडीआर होतो, पण तो समोर थेरपिस्ट असताना, आणि घरात दुसरं माणूस असताना.

सातवी पायरी : आजचं आणि उद्याचं

जुन्या आठवणी शांत झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही. आज जे खटके बसतात त्यांच्यावरही तेच फेरे होतात : डिझेलचा वास, हेलिकॉप्टरचा आवाज, रस्त्याकडेला पडलेली बेवारस पिशवी. मग येणाऱ्या प्रसंगाची मनातल्या मनात तालीम. दिवाळीचे फटाके, वरातीतला सुतळी बॉम्ब, पुतण्याच्या लग्नातली गर्दी. डोळ्यांसमोर तो प्रसंग आणायचा, आपण तिथे कसे उभे राहू, कधी बाहेर पडू, कुणाला सांगू, हे पाहायचं. उपचार चालू असेल तर दिवाळीच्या महिनाभर आधी हे सत्र मागून घ्या.

एकच आघात असेल तर काही सत्रांत बराच फरक पडतो. अमेरिकेत साधारण एक ते तीन महिने, आठवड्याला एक सत्र असं सांगतात. अनेक वर्षं धुमश्चक्रीच्या भागात काढलेल्यांना जास्त लागतं. सहा-आठ सत्रांनंतर झोप, दचकणं, राग यांत काहीच हललं नसेल तर थेरपिस्टशी मोकळेपणाने बोला. आठवण चुकीची निवडली असेल, तयारी कमी पडली असेल, किंवा हा उपचारच या माणसाला मानवत नसेल. वर सांगितलेले दोन उपचार आहेत, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही औषधं आहेत. झोपेसाठी अल्प्राझोलामसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने कुणी देत असेल तर दुसरं मत घ्या. वर उल्लेख केलेली अमेरिकी मार्गदर्शिका पीटीएसडीसाठी त्या गटातली (बेंझोडायझेपिन) औषधं वापरू नका असं सांगते.

आजच फोन करायचा असेल तर

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी याच सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात एएफएमसीत सुरू झाला. फौजी स्वतः बोलायला तयार नसेल तर घरच्याने बोलावं. एवढं सांगितलं तरी पुरतं : "माझे वडील माजी सैनिक आहेत. झोप नाही, दचकतात, कुणाशी बोलत नाहीत. ईएमडीआर करणारं कुणी आमच्या जिल्ह्यात आहे का, आणि तोवर काय करायचं?" ते जीव देण्याबद्दल बोलले असतील तर हे पहिल्याच वाक्यात सांगा, परवान्याची बंदूक घरात असेल तर तीही सांगा आणि त्याच दिवशी ती पोलीस ठाण्यात जमा करा. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा आणि त्यांना एकटं सोडू नका.